धुळाच्या मोटारीची पोटफुगी

आमच्या लवणवाडीत मोटार आली ती मेंढराच्या वाटेनं आली. सोलापूरचा रस्ता ओढ्यापर्यंत बरा. तिथनं पुढं रस्ता असा नव्हताच, मेंढरांनी तुडवून तुडवून केलेली वाट तेवढी होती. त्या वाटेनं मोटार हाकत आणणारा धुळा हाही मेंढरातनंच उठून गेलेला. लोकर विकायला म्हणून सोलापुरात गेला. पेठेत गुरुबसप्पा सावकारांची मोटार बंद पडली होती, तिला चार माणसांबरोबर ढकलू लागला. मोटार चालू झाली आणि हा तिच्यामागनं जो पळत गेला तो लवकर परत आलाच नाही. आला तेव्हा अंगात खाकी कोट होता, डोक्याला पटका जुनाच होता, आणि बसला होता तो मोटारीच्या चाकामागं.

मोटार हाकायची रीत मात्र मेंढराचीच. चढाला लागली की हा तिला म्हणायचा, "चल गं बाय, हॅ हॅ!" भोंगा असताना दातातनं शीळ घालायचा, आणि वाटंवरची माणसंसुद्धा शीळ ऐकून मेंढरागत बाजूला व्हायची. वाडीत येऊन थांबला की खाली उतरून चारी चाकांभोवती वाकून फिरायचा, कुठं काटा मोडलाय का ते बघायला. एकदा खरोखरच बाभळीचा काटा निघाला, तेव्हापासून त्याच्या या डाक्तरकीवर वाडीचा विश्वास बसला.

खरं तर सावकारांचा बेत मोटार रातीला पेठेतच ठेवायचा होता. पण धुळानं त्यांना पटवलं होतं. "मालक, गाडी वाडीत ठिवा. सकाळच्याला बाजाराची माणसं आयती मिळत्याली. अन् मोडतोडीचं म्हनशीला तर समदी दुरुस्ती मला येतीच की." यातली माणसांची गोष्ट खरी होती. दुरुस्तीची थाप होती. पण गाडी दारात उभी राहण्याची गोडी मोठी. बायको कस्तुराबाई सकाळी तिच्या दांडीवर लुगडं वाळत घालायची आणि शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणायची, "अवं, जरा गाडी उनात घ्या की."

आता ही मोटार अमेरिकेची होती आणि तिचे ब्रेक तेलाचे होते. धुळानं आधी हाकलेल्या मोटारीला लोखंडी सळयांचे ब्रेक होते. पाय दाबला की सळई ओढली जायची, दिसायचं तरी काय ओढलं जातंय ते. या नव्या गाडीत पाय दाबला की नळ्यांतलं तेल चारी चाकांकडं पळायचं आणि चाकाला आतनं धरायचं. वर दिसायचं काहीच नाही. धुळाला ते तेव्हापासनंच खटकत होतं. ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्यावर किती भिस्त ठेवायची?

आणि एका मंगळवारी, सोलापूरचा बाजार करून भरली गाडी वाडीच्या उताराला लागली, धुळानं पाय दाबला, आणि पाय थेट फळीला जाऊन टेकला. चिखलात रुतावा तसा. त्यानं पुन्हा दाबला. पुन्हा चिखल. मग त्यानं शीळ घातली, "हॅ हॅ, थांब गं, थांब गं बाय," म्हणून बघितलं. मोटार बिरोबाच्या देवळावरनं सरळ खाली गेली, केराबाईच्या अंगणात शिरली आणि तिच्या कडब्याच्या गंजीत पार मागच्या चाकांपर्यंत घुसून थांबली.

केराबाई म्हणजे धुळाची सख्खी आत्ती. वाडीतली बाळंतपणं तीच करायची. ती गंजीच्या पलीकडल्या अंगाला सावलीत शेंगा फोडत बसली होती. गंजीतनं मोटारीचं नाक बाहेर आलं, तसं तिनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "कोन हाय रं? आदी हाक तरी मारायची!"

कुणाला काही लागलं नाही. पण गंजीतनं एकेक माणूस बाहेर यायला लागलं ते डोक्यावर, मिशीत, कानात कडबा घेऊन. ज्ञानू सगळ्यात शेवटी निघाला. हा धुळाचा लहानपणचा जोडीदार. दोघांनी मेंढरं एकत्र वळली होती, आणि मोटार आल्यापासनं ज्ञानू रोज तिचा धुरळा खात होता. तो कडबा झाडत म्हणाला, "बाबांनो, आज गंज व्हती. उंद्या हीर आसंल."

विहिरीचं नाव निघालं आणि वाडीचा धीर सुटला. सगळी तशीच कडब्यासकट देवळात गेली. आमच्याकडं कागदावरची सही कुणी मानत नाही. पण बिरोबाचा भंडारा उचलून बोललं की ते पाळायचं. चिमूटभर हळद हातात घ्यायची, बोलायचं, कपाळाला लावायची. मग त्यातनं सुटका नाही. वाडीनं भंडारा उचलला, की जवर ही गाडी देवाम्होरं थांबून दावत न्हाय तवर तिच्यात चढनार न्हाय. आणि सगळ्यात आधी हात घातला तो कस्तुराबाईनं.

धुळा म्हणाला, "अगं, तू तर घरची!"

"म्हनून तर आदी. मी बाजूच्या सीटवर बसती, मलाच आदी हीर दिसनार."

बातमी पायी चालत पेठेत पोचली आणि ज्ञानूच निरोप घेऊन परत आला. दुसऱ्याचं वाईट सांगायचं असलं की हा माणूस चुना-तंबाखू नीट मळून, गालात धरून, सावकाश सांगायचा. "मालकांनी सांगितलंय डायवर, की म्होरल्या मंगळवारी गाडी बाजारकऱ्यांनी भरून पेठेत आली पायजे. न्हाय आली, तर त्ये गाडी अक्कलकोटच्या रस्त्याला लावनार. तितला डायवर बी ठरवून ठिवलाय म्हनं." मग पिंक टाकून म्हणाला, "काळजी करू नगंस धुळाप्पा. माजी मेंढरं हायतच की. मागं एक मानूस लागतंयच मला."

हेच काय ते धुळाच्या जिवाला लागलं. उपाशी मरायची वेळ नव्हती आली. पण खाकी कोट घालून ज्ञानूच्या मेंढरांमागं फिरायचं!

बैल लावून गाडी गंजीतनं ओढून पारापुढं आणली आणि दुरुस्तीला त्यानं हात घातला. गाडीखाली शिरल्यावर दुखणं लगेच सापडलं. मागच्या चाकाकडं जाणाऱ्या नळीची चाकी धक्क्यानं सैल झाली होती आणि तेल सगळं वाटंवर सांडलं होतं. त्यानं पाना लावून चाकी आवळली, पायाखालची फळी उचलली, तेलाच्या डब्यात उरलीसुरली बाटली ओतली, वर येऊन बसला आणि पाय दाबला. चिखल.

नळ्यांत वारं शिरलं होतं. तेल पुढं ढकलावं तर मधलं वारंच दबून बसायचं. हे वारं काढायचं काम धुळानं सोलापुरात एकदा बघितलं होतं. बघितलं म्हणजे अर्धं. मिस्त्री गाडीखाली होता आणि धुळा वर बसून पाय दाबत होता. खालनं मिस्त्री ओरडायचा, "दबा! दबा के रख!" मग खाली काहीतरी करायचा. मग, "छोड!" धुळा सोडायचा. हे 'काहीतरी' काय ते त्याला दिसलंच नव्हतं. चाकाच्या आतल्या अंगाला एक बारीक पितळी टोटी असते, ती सैल करायची, एवढं ठाऊक. कधी सैल करायची आणि कधी आवळायची, ते राम जाणे.

शिवाय काम दोन माणसांचं. एक वर, एक खाली. वरचा माणूस आणायचा कुठनं? गाडी थांबल्याशिवाय कुणी चढणार नाही, आणि कुणी चढल्याशिवाय गाडी थांबणार नाही. सगळी वाडी पारावर येऊन बसली होती. कामाला नव्हे, बघायला.

"आरं, कुनीतरी नुस्तं बसा की! गाडी चालू बी न्हाय!"

"भंडाऱ्याला चालू-बंद कळत न्हाय," ज्ञानू म्हणाला. "चढनार न्हाय म्हंजी चढनार न्हाय."

"कस्तुरे, तू तरी..."

"मला बोलायचं न्हाय. माजा सैपाक हाय," ती म्हणाली, आणि पारावर सगळ्यात पुढं जाऊन बसली.

मग धुळानं आपल्या परीनं विचार केला. पोटात वारं धरलंय. चालतं-बोलतं जित्राब आडवं झालंय. हे दुखणं त्याला नवीन नव्हतं. कोवळी ज्वारी खाल्ली की मेंढराचं पोट नगाऱ्यागत फुगतं. तेव्हा त्याचे पुढचे पाय चढावर करून उभं करायचं, तोंडात आडवी काठी देऊन तोंड उघडं ठेवायचं, थोडं तेल पाजायचं आणि डावी कूस दाबत राहायचं. वारं भसाभस निघून जातं आणि मेंढरू उठून चरायला लागतं. धुळानं अशी कैक मेंढरं वाचवली होती. त्याचं तोंड उजळलं.

"पोटफुगी हाय रं हिला!" तो पाराकडं बघून ओरडला.

पारावरच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. आता त्यांनाही मोटार जरा समजायला लागली.

धुळानं गाडी ढकलत नेऊन पुढची चाकं उकिरड्याच्या चढावर चढवली. मागनं ढकलायला वाडी आली. ढकलायची बंदी नव्हती. मागच्या चाकाची टोटी त्यानं मोकळी करून ठेवली, म्हणजे झालं तोंड उघडं. वर जाऊन बसला आणि कूस दाबावी तसा पाय दाबायला लागला. दाब, सोड, दाब, सोड. खाली टोटीतनं फुर्रफुर्र आवाज यायला लागला.

"निगालं! वारं निगालं!" ज्ञानूसुद्धा विसरून ओरडला.

फुर्रफुर्र चालूच राहिलं. मेंढराचं वारं एकदा गेलं की गेलं, ते काही वळून पोटात शिरत नाही. मोटारीचं तसं नव्हतं. पाय दाबला की तेल आणि वारं बाहेर, पाय उचलला की उघड्या टोटीतनं तेवढंच वारं परत आत. धुळा घामाघूम होईपर्यंत तेच वारं बाहेर काढत होता आणि तेच आत घेत होता. शेवटी टोटीनं कोरडी उचकी दिली. डब्यातलं तेल संपलं आणि उकिरडा तेवढा चकचकीत झाला.

आता तेल आणायचं कुठनं? बाटली पेठेत मिळायची, पण तेलाला माणूस पाठवला की सावकारांना कळणारच की ब्रेक अजून धरत नाहीत. मग त्याला आठवलं, मिस्त्री एकदा बाटली हुंगत म्हणाला होता, "इसमें क्या है? अरंडी का तेल और दारू." एरंडेल आणि दारू! वाडीत या दोन्ही वस्तू एकाच घरात होत्या. आणि ते घर, ज्याची गंज त्यानं मोडली तेच.

केराबाई उंबऱ्यात बसली होती.

"आत्ती, वाईच एरंडेल पायजे."

"कुनाचं पोट धरलंय?"

"गाडीचं."

"अन् किती घेती ती?"

"आदूली भरून तरी."

"आदूली!" म्हातारी उभीच राहिली. "आरं, ह्या वाडीतली समदी पोरं म्या बोटभर एरंडेलावर वाढवली. तुजं बी पोट त्याच बोटानं साफ केलंय. तुजी गाडी काय हत्तीन हाय व्हय?"

"अन् आत्ती... ती दुसरी बी बाटली. रांजनामागली."

"ती बाळंतिनीचं अंग चोळायला हाय."

"मला ठावं हाय की."

"मग हसतूस कशापायी?"

पारावरनं हसण्याचा आवाज आला. वाडीत त्या वर्षी बाळंतीण एकच झाली होती, आणि बाटल्या बऱ्याच रिकाम्या झाल्या होत्या. केराबाईनं पदर खोचला, आत गेली आणि दोन्ही वस्तू घेऊन बाहेर आली. पण त्याच्या हातात दिल्या नाहीत.

"गंज मोडलीस, ते म्या देवावर सोडलं. पर हे तेल म्या सोताच्या हातानं एरंड कांडून, कढवून काडलंय. ह्यातला थेंब मातीत गेला तर बघ. लागंल तेवडं गाडीच्या पोटात जाऊ दे, बाकीचं परत पायजे."

आणि ती त्याच्यामागनं चालत आली आणि मोटारीच्या मागच्या चाकाशी, मोडलेल्या जात्याची तळी पालथी घालून, राखणीला बसली.

एरंडेल आणि पहिल्या धारेची एका गाडग्यात घालून धुळानं रवीनं घुसळलं. वास असा सुटला की पारावरची दोन म्हातारी माणसं जागा बदलून जवळ येऊन बसली. डबा भरला. मग त्यानं नवी युक्ती काढली. टोटी आवळून पाय दाबायचा. मेंढरं वळायची काठी पायाखालची ब्रेकची पट्टी आणि सीट यांच्यामध्ये आडवून पट्टी दाबलेली ठेवायची. धावत खाली जाऊन टोटी सैल करायची, आवळायची. धावत वर येऊन काठी काढायची. म्हणजे वरचा माणूस काठी आणि खालचा माणूस धुळा.

युक्ती चुकीची नव्हती. पण काठी माणसासारखी मागनं रेटत नाही. धुळानं खाली जाऊन टोटी सैल केली, तिनं एक ढेकर दिला आणि ती गप्प झाली. हा पुन्हा वर, पुन्हा खाली. पाराला आता रंग चढला होता.

"आरं, मुंगसागत काय करतूस?"

"वर गेला! खाली आला! आता वर जानार बगा!"

"कस्तुरे, नवऱ्याला पानी दे गं, बिळातच मरंल!"

असं होता होता, धुळा खाली असताना आणि टोटी उघडी असताना काठी निसटली. पट्टी खाडकन वर आली, टोटीनं हवा आत ओढली. धुळानं चिडून, पाना हातात तसाच घेऊन, वर चढून पट्टीवर लाथ मारली. टोटीतनं दारू-एरंडेलाची चिळकांडी उडाली ती थेट केराबाईच्या तोंडावर.

केराबाईनं जीभ फिरवून ओठ चाटले. मग जे बोलली त्यातलं निम्मं इथं लिहिता येत नाही. उरलेलं असं होतं: "माजं त्याल मातीत घालतूस? टोटीखाली काय धरायची अक्कल न्हाय? गाय पिळताना धार भुईवर सोडतूस व्हय रं?"

तिनं घरनं पितळी आणली, शिंतोडे उडू नयेत म्हणून तळाशी गाडग्यातलं थोडं तेल घातलं, 'आदीचं हाय तेवडं मोजून ठिवलंय' म्हणून बजावलं, आणि टोटीखाली धरली. पण टोटी वर आणि पितळी खाली. मधनं चिळकांडी वाकडी जायची. "मदी पन्हळ लाव," ती म्हणाली. धुळानं इकडंतिकडं बघितलं. मोटारीची पुढची काच पुसायला एक पट्टी होती, तिला इंजिनाकडनं आलेली एक रबरी नळी होती. ती पट्टी आजवर फिरलीच नव्हती. आमच्या भागात पाऊस काच भिजण्याइतका पडतोय कुठं? ती नळी त्यानं उपसली, एक टोक टोटीवर चढवलं आणि दुसरं पितळीत सोडलं. केराबाईनं ते टोक बोटानं दाबून पार तेलाच्या तळाला बुडवलं, उडू नये म्हणून.

"हां. आता मार लाथ."

धुळानं पाय दाबला. पितळीत गुडगुड झालं.

"बुडबुडं आलं," केराबाई म्हणाली.

त्यानं पाय सोडला. आता वारं परत शिरणार, म्हणून त्यानं दात ओठावर धरले. पण खालनं म्हातारी किंचाळली, "मेल्या, पितळीतलं त्याल वर वडतीया की तुजी गाडी! चोर हाय का काय!"

धुळाचा पाय तसाच राहिला. त्यानं खिडकीतनं वाकून बघितलं. नळीचं तोंड तेलात बुडलेलं होतं. आत ओढलं जात होतं ते तेल. वाऱ्याला परत शिरायला वाटच नव्हती. मिस्त्री दोन माणसं लावून जे करायचा ते आत्तीच्या कंजूषपणानं एका पितळीत होत होतं.

"आत्ती, तसंच धरा! बोट काडू नगा!"

"म्या गाडीला धरलेलं न्हाय. म्या माज्या तेलाला धरलंय," ती ज्ञानूकडं बघून म्हणाली. आणि खरंच, शपथ गाडीत न चढण्याची होती. चाकाशी बसण्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

मग काम झरझर झालं. धुळा दाबायचा, सोडायचा. आधी मोठाले बुडबुडे, मग हरभऱ्याएवढे, मग मोहरीएवढे, मग नुसतं तेल. टोटी आवळायची, पुढच्या चाकाला जायचं. केराबाई जात्याची तळी आणि पितळी घेऊन त्याच्यामागनं. डबा रिकामा व्हायला आला की पितळीतलं तेल गाळून पुन्हा डब्यात. गाळायला त्यानं कस्तुराबाईच्या दांडीवरच्या लुगड्याकडं नुसतं बघितलं, तर ती म्हणाली, "हात तर लावा!" म्हणून स्वतःच्या पटक्यातनं गाळलं. चौथ्या चाकाची टोटी आवळून त्यानं पाय दाबला आणि पाय अर्ध्यातच अडला. दगडावर पडावा तसा.

"धरलं!" तो ओरडला. "आत्ती, धरलं!"

"माजं उरल्यालं दे आदी," आत्ती म्हणाली.

मंगळवार उजाडला. वाडी टोपल्या, बोचकी घेऊन देवळापुढं उभी, आणि वरच्या उतारावर मोटार. धुळा हाकायला बसला तसा ज्ञानू पुढं आला.

"थांब. रिकामी गाडी थांबली म्हंजी भरल्याली थांबंल कशावरनं?"

वाडीला ते पटलं. पण भरायची कशानं? माणसं चढणार नाहीत. कुणी म्हणालं दगड घाला, तर सीट फाटतील म्हणून धुळा नाही म्हणाला. एवढ्यात कस्तुराबाई म्हणाली, "भंडारा मानसांनी उचललाय. मेंढरांनी कुटं उचललाय?" आणि ज्ञानूकडं वळून, "तुमचीच घाला की भावजी. तुमालाच शंका हाय."

ज्ञानू अडकला. सगळी वाडी त्याच्याकडं बघत होती. त्याची मेंढरं उतारावर आणली आणि मोटारीत चढवली. माणसापेक्षा लवकर चढली. सीटवर, सीटखाली, खिडकीत. त्याचा शिंगाळ एडका कस्तुराबाईच्या जागेवर जाऊन बसला आणि समोर बघायला लागला.

धुळानं बिरोबाला हात जोडले आणि गाडी सोडली. उतार, वेग, धुरळा, आणि आतनं एकसुरात 'ब्यॅऽऽ'. लोक दोन्ही बाजूंना सरकले. समोर देवळाच्या पायऱ्या. कस्तुराबाईनं डोळे मिटले. देवाच्या उंबऱ्यासमोर धुळानं पाय दाबला.

गाडी खिळ्यानं ठोकल्यागत थांबली. मेंढरं थांबली नाहीत. मागची पुढं आली, पुढची काचेवर गेली, आणि एडका धुळाच्या मांडीवर येऊन बसला. त्याचं एक शिंग भोंग्यात अडकलं आणि भोंगा वाजतच राहिला. त्या आवाजात धुळा ओरडत होता, "थांबली! देवा, बग, थांबली!"

देवानं बघितलं. सगळ्यांनी बघितलं. ज्ञानूनं आधी आपली मेंढरं मोजली आणि मग तोही म्हणाला, "थांबली म्हनायची."

मग काय, लोंढाच लागला. सीटवर लेंड्या, काचेवर लोकर, वास विचारू नका, वाडी चढली. केराबाईला पुढं जागा दिली. गाडी निघाली आणि लवणवाडीच्या हद्दीतच मागनं कुणीतरी म्हणालं, "धुळाप्पा, आमी मागं व्हतो, आमाला नीट दिसलं न्हाय. येकदा लाव की बिरेक."

धुळानं लावला. सगळी पुढं आदळली आणि खूश झाली. पुढं ओढ्याशी, "आता हितं थांबती का बग." तिथं थांबली. मग बाभळीखाली. मग एका येणाऱ्या बैलगाडीच्या तोंडाशी, बैलांचा जीव जाईस्तोवर जवळ नेऊन. आमच्या माणसांना एखादी गोष्ट पटली की पुन्हा पुन्हा पटवून घ्यायची हौस. धुळालाही आवरेना. इतके दिवस त्यानं हाकणं दाखवलं होतं, आज थांबणं दाखवत होता. सोलापूर दिसायला लागलं, गिरणीची धुराडी जवळ आली, तेव्हा ऊन डोक्यावरनं कलायला लागलं होतं आणि निम्मा बाजार उठला होता.

पेठेत गुरुबसप्पा सावकार दुकानासमोर उभे होते. डोक्याला पांढरा रुमाल, गळ्यात लिंग, कपाळावर भस्म आणि भस्माखाली आठ्या. शेजारी अक्कलकोट रस्त्याचा नवा ड्रायव्हर खिशात हात घालून उभा.

"येन इदु? काय हे?" सावकारांनी नाकाला रुमालाचं टोक लावलं. "मेंढराचा वास. दारूचा वास. अन् हे टाइम आहे बाजारला यायचं?"

"मालक, गाडी भरून आलीया," धुळा म्हणाला.

"भरून आली खरं. उशीर का?"

धुळानं तोंड उघडायच्या आत आतनं वाडी ओरडली, "बिरेक लावत आलो की, मालक!" "लई धरतंय!" "बैलाच्या शिंगापासनं वीतभर!" आणि केराबाई खाली वाकून म्हणाली, "दारूचा वास म्हनशीला तर त्यो डायवराचा न्हाय, गाडीचा हाय. त्याला ह्यातला थेंब बी म्या दिलेला न्हाय."

सावकारांना यातलं काही कळलं नाही. पण ते व्यापारी माणूस. सांगण्यावर विश्वास ठेवायचे नाहीत, माल हाताळून बघायचे. ते गाडीत चढले, एक टोपली बाजूला सारून बसले आणि म्हणाले, "हं. ब्रेक हाकप्पा, नोडोण. लाव बघू."

धुळानं पेठेतनं गाडी वेगात घेतली आणि तांब्या-पितळेच्या दुकानासमोर पाय दाबला. सावकार पुढच्या सीटवर आदळले. रुमाल नाकावर आला. सावकारांनी रुमाल वर केला, नाक चाचपलं, खिडकीतनं चाकाकडं बघितलं.

"इन्नोम्मे," ते म्हणाले. पुन्हा एकदा.

पुन्हा एकदा झालं. मग चौकातनं वळून आणखी एकदा. खाली उतरताना त्यांच्या तोंडावर जत्रेतल्या पाळण्यातनं उतरलेल्या पोराचं समाधान होतं, पण आवाज त्यांनी कडकच ठेवला. "गाडी वाडीलाच राहू दे. पुढच्या बाजारला उशीर चालणार नाही. अन् मेंढरं सीटवर नको." नवा ड्रायव्हर खिशातले हात काढून निघून गेला.

परतीला गाडी तितकीच भरली होती. फरक एवढाच, की आता सगळ्यांच्या मांडीवर बाजार होता. कुणाची गाडगी-मडकी, कुणाची काचेची बरणी, कस्तुराबाईच्या हातात चिंध्यांत बांधलेल्या नव्या बांगड्या. धुळा मोठ्या आनंदात शीळ घालत निघाला. वेशीबाहेर एक म्हैस आडवी आली, आणि त्यानं हौसेनं पाय उचलला, तशी गाडीभर एकच आरडाओरडा झाला.

"बिरेक लावलास तर बग!"

"आरं, माजी मडकी!"

"हाक मार की तिला! भोंगा काय शोभेला हाय?"

भोंगा एडक्याच्या शिंगानं सकाळीच मोडला होता. धुळानं काच खाली केली, बाहेर डोकं काढलं, शीळ घातली, आणि मग म्हशीला हात जोडून म्हणाला, "बाय, तूच थांब गं. मला आज थांबू देत न्हायती."